इन्व्हर्टरची बॅटरी खरंच बसली का? घरच्या घरी तपासायची रीत

मीटरवर १२.७ व्होल्ट दिसतात, आणि लाइट गेली की वीस मिनिटांत इन्व्हर्टर टूं टूं करायला लागतो. बार्शीच्या मावशीकडे एप्रिलमध्ये नेमकं हेच झालं होतं. दुकानदार येऊन गेला, टर्मिनलला मीटर लावला, आधी म्हणाला, "व्होल्टेज तर आहे," आणि मग म्हणाला, "पण बॅटरी गेली, चार वर्षं झाली की आता." मावशीचा मला फोन : "अरे, व्होल्टेज आहे तर गेली कशी? आणि गेली असेल तर व्होल्टेज कसं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला मी तिच्याकडे दोन दिवस राहिलो. तिथं जे केलं तेच इथे क्रमाने सांगतो. बॅटरीला यापूर्वी कधी हात लावला नसला तरी हे जमेल. सामान फार नाही : साधा डिजिटल मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, जुने पिवळे बल्ब, एक वही. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. हायड्रोमीटर गावातल्या बॅटरीच्या दुकानातही मिळतो, तिथे 'ग्रॅव्हिटी बघायची नळी' म्हटलं की समजतं. ग्रॅव्हिटी म्हणजे आतलं अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा.

भरलंय किती आणि मावतं किती

रांजण काठोकाठ भरलेला दिसतो, पण तळाशी अर्धा गाळ असेल तर पाणी अर्धंच. बॅटरीत गाळ खरोखरचा असतो. आत शिशाच्या प्लेटी आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. वीज वापरताना दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट तयार होतं आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं, चार्जिंगला लावली की उलट होतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली किंवा कायम अर्धवट चार्ज होत राहिली, तर त्या सल्फेटचे खडे कडक होतात आणि प्लेटीचा तेवढा भाग कामातून जातो. शिवाय वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह प्लेटीवरचा माल झडून तळाशी साचतो. म्हणजे प्रश्न दोन आहेत : आत्ता किती भरली आहे, आणि पूर्ण भरली तर किती मावतं. व्होल्टमीटर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही अटींवर. दुसऱ्याचं तो देतच नाही. दुकानदार आणि मावशी दोघंही एकाच आकड्याला दोन प्रश्न विचारत होते.

बॅटरीच्या अंगावर '१५० एएच' असं लिहिलेलं असतं, आणि शेजारी बारीक अक्षरात 'सी-२०' किंवा 'सी-१०'. ते बारीक अक्षर महत्त्वाचं. १५० एएच सी-२० म्हणजे २० तास सलग ७.५ अँपिअर काढले, तर १०.५ व्होल्टपर्यंत येईतो १५० अँपिअर-तास मिळतील. हीच बॅटरी दुप्पट वेगाने रिकामी केली तर १५० मिळत नाहीत, साधारण १२० ते १३० मिळतात. जेवढी घाई, तेवढं कमी. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात बसवलं. आपल्याला सूत्र पाठ करायची गरज नाही, पण नवी बॅटरी आणून तीनशे वॅटवर तपासली आणि १५० भरले नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये, इतकं लक्षात ठेवा.

हात लावण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी वाचा. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. आपल्याकडे बॅटरी बहुतेक वेळा जिन्याखाली, माळ्याच्या कोपऱ्यात, कधी थेट देवघराच्या खाली ठेवलेली असते. त्या दिवशी तिथे उदबत्ती, निरांजन नको. खिडकी उघडी ठेवा. बुचं उघडल्यावर उजेडासाठी काडी ओढून आत बघणारे महाभाग मी पाहिले आहेत, टॉर्च वापरा.

हातातली अंगठी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. दोन्ही टर्मिनलवर पाना आडवा पडला तर तो लाल होऊन चिकटतो, आणि अंगठीच्या बाबतीतही तसंच घडतं. डोळ्यांना चष्मा हवा. कपडे जुने हवेत, कारण अ‍ॅसिडचे थेंब त्या दिवशी दिसत नाहीत, पुढच्या धुण्यात पँटला भोकं पडलेली दिसतात. शेजारी बादलीभर पाणी आणि वाटीभर खायचा सोडा ठेवा. सांडलेल्या अ‍ॅसिडवर सोडा टाकला की फसफसून ते निकामी होतं. डोळ्यात गेलं तर सोडा नाही, नुसतं भरपूर पाणी, पंधरा-वीस मिनिटं धार लावून, आणि मग थेट डॉक्टर.

उभी ट्युब्युलर बॅटरी (पॉझिटिव्ह प्लेटी नळ्यांच्या असलेली, घरच्या इन्व्हर्टरला बहुधा हीच असते) पन्नास किलोच्या वर असते. तपासायला ती उचलायची काही गरज नाही.

पायरी १ : नुसतं बघा

आधी डोळ्यांनी. पेटी फुगली आहे का? कुठे ओल, चीर आहे का? फुगलेली किंवा गळणारी बॅटरी असेल तर पुढचं काही करू नका, ती बदला. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली आहे का? मग पाणी. ट्युब्युलरला प्रत्येक बुचात तरंगती काडी असते. ती खालच्या खुणेच्या खाली गेली असेल तर पाणी कमी आहे.

पाणी टाकायचं ते डिस्टिल वॉटर. नळाचं नाही, आरओचं नाही, पावसाचंही नाही. अ‍ॅसिड तर कधीच टाकायचं नाही. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. चार्जिंगच्या आधी फक्त प्लेटी बुडतील एवढंच पाणी टाका, वरच्या खुणेपर्यंत चार्जिंग झाल्यावर भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगला गरम होऊन ते वर येतं आणि बुचातून सांडतं. सांडतं ते नुसतं पाणी नसतं, अ‍ॅसिड असतं.

पायरी २ : बॅटरीवर आळ घेण्याआधी लग तपासा

इथे मावशीच्या बॅटरीचं अर्धं गुपित उघडं पडलं, म्हणून थोडा रेंगाळतो.

वायरच्या टोकाला जो लग असतो आणि बॅटरीचा जो शिशाचा खांब असतो, त्यांच्यामध्ये गंज बसला की वीज अडते. बाहेरून घट्ट दिसतं, आत थर असतो. तपासायची युक्ती अशी : मेन बंद करून घर इन्व्हर्टरवर घ्या, दोन पंखे, चार दिवे चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी शिशाच्या खांबावर टेकवा, दुसरी त्याच खांबावरच्या लगवर. दोन्ही काड्या एकाच बाजूला, प्लस-मायनसवर नाही. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.१ पर्यंत चालवून घेता येईल. ०.२ च्या पुढे गेला तर जोड खराब आहे. मग दुसऱ्या खांबावर हेच करा.

मावशीच्या मायनसला आकडा आला १.२ व्होल्ट. बॅटरीतून त्या वेळी साधारण २० अँपिअर जात होते. म्हणजे चोवीस वॅट नुसते त्या गंजात जळत होते. लगला हात लावला तर चटका बसला. बॅटरीवर १२ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.८ दिसत होते, आणि तो बिचारा इमानाने 'बॅटरी लो' म्हणून ओरडत होता.

पण एवढ्यावर हे थांबत नाही. हाच जोड चार्जिंगच्या वेळीही आड येतो. इन्व्हर्टर त्याच्या टोकाला १४.२ व्होल्ट देतो आणि समजतो काम झालं, बॅटरीपर्यंत मात्र साडेतेराच पोहोचतात. असं महिनोन्महिने चाललं की बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, आणि मग वर सांगितलेले सल्फेटचे खडे बसतात. सैल किंवा गंजलेला लग बॅटरी 'गेली' असा भास निर्माण करतो आणि नंतर ती खरोखर घालवतोही.

सफाई सोपी आहे. इन्व्हर्टर बंद करा, मेनचा प्लगही काढा. आधी मायनसची वायर सोडवा, मग प्लसची. कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, बुचं मात्र घट्ट लावलेली हवीत, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. कोरडं करा, खांब आणि लग पॉलिश पेपरने चमकवा. आधी प्लस, मग मायनस आवळा. वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. व्हॅसलीन जोडाच्या आत नाही, आवळल्यावर वरून. पुन्हा मोजल्यावर मावशीकडे ०.०३ आले.

पायरी ३ : पूर्ण चार्ज

यापुढच्या सगळ्या मापांना एकच अट : बॅटरी पूर्ण भरलेली हवी. अर्धवट भरलेल्या बॅटरीची ताकद मोजणं म्हणजे उपाशी माणसाला वजनकाट्यावर उभं करून अशक्त ठरवणं.

बारा-पंधरा तास सलग चार्जिंग मिळेल असा दिवस निवडा. आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद असते ती गुरुवारी, म्हणून मी बुधवारी रात्री असलं काम काढत नाही. चार्जिंग चालू असताना थेट बॅटरीच्या खांबांवर व्होल्टेज बघा. शेवटाकडे ते १४ च्या वर, बहुतेक इन्व्हर्टरवर १४.२ ते १४.४ च्या आसपास जायला हवं. १३.५ च्या वर सरकतच नसेल तर दोष चार्जरचा किंवा घरात येणाऱ्या कमी व्होल्टेजचा असू शकतो. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली असं मानू नका. खात्रीची खूण हायड्रोमीटर देतो : तासाच्या अंतराने तीनदा ग्रॅव्हिटी घ्यायची, तिन्ही वेळा आकडा तोच आला की भरली.

पायरी ४ : विसावा आणि व्होल्टेज

चार्जिंग तोडल्या तोडल्या घेतलेलं व्होल्टेज खोटं असतं. प्लेटींच्या पृष्ठभागावर जी तात्पुरती चढ असते ती मीटरला दिसते. मावशीच्या दुकानदाराने पाहिलेले १२.७ हे तेच. मायनसची वायर सोडवून ठेवा आणि किमान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर बॅटरीला हात लावू नका. सकाळी मोजा.

आता एक गोष्ट, जी नवशिक्यांना हमखास फसवते. इंटरनेटवर १२.७ म्हणजे शंभर टक्के, १२.४ म्हणजे पंचाहत्तर असे तक्ते फिरतात. ते बहुतेक गाडीच्या बॅटरीचे असतात, जिच्यातलं अ‍ॅसिड जास्त तीव्र असतं. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी साधारण १.२४० असते, दुकानात तिला नुसतं 'बाराशे चाळीस' म्हणतात. ढोबळ हिशेब असा की ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की एका सेलचं (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एकाचं) व्होल्टेज येतं. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, आणि सहा सेलचे १२.४८. म्हणजे ठणठणीत, पूर्ण भरलेली ट्युब्युलर बॅटरी विसाव्यानंतर साडेबाराच्या आसपास दाखवते. तक्ता बघून ती 'पाऊणच भरली' असं ठरवणारे बरेच आहेत.

मावशीची रात्रभरानंतर १२.३ आली. आणि साडेदहाच्या जवळ आकडा आला तर? एका सेलचे सुमारे दोन व्होल्ट गायब आहेत, म्हणजे एक सेल शॉर्ट. तिथे तपासणी संपली.

पायरी ५ : ग्रॅव्हिटी, सेलनिशी

सगळ्या चाचण्यांत मला ही सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि घरोघरी हीच टाळली जाते, कारण हात अ‍ॅसिडचे होतात. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून नळी सेलमध्ये बुडवायची, सोडून अ‍ॅसिड वर ओढायचं. आतला तरंगणारा दांडा काचेला न चिकटता मोकळा तरंगायला हवा. बुडबुडे असतील तर नळीवर हलकी टिचकी मारा. डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचा. काढलेलं अ‍ॅसिड त्याच सेलमध्ये परत सोडा, हे विसरण्याची चूक पहिल्या दिवशी सगळ्यांकडून होते. त्याच दिवशी पाणी टाकलं असेल तर वाचन घेऊ नका, पाणी वरच तरंगतं, चार्जिंगमध्ये ढवळलं गेल्यावरच आकडा खरा येतो.

तापमानाची दुरुस्ती करा. आपल्याकडे मोजमाप २७ अंशांना धरतात. त्याच्या वरच्या प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे, खालच्या प्रत्येक अंशाला वजा करायचे. एप्रिलमधल्या बार्शीत अ‍ॅसिड ३७ अंशांना होतं, म्हणजे प्रत्येक वाचनात ०.००७ मिळवले. महाबळेश्वरला डिसेंबरात मोजत असाल तर उलटा हिशेब.

मावशीकडे लग साफ करण्याआधी सेल ११७० ते ११८५ दाखवत होते. जोड सुधारून लांबलचक चार्जिंग दिल्यावर, दुरुस्तीसह, सहा सेल असे आले : १.२१५, १.२१५, १.२२०, १.१९५, १.२१५, १.२१०. त्याच्यापुढे वाढ थांबली. सगळे थोडे खाली, चौथा किंचित जास्त खाली. पण सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक ०.०२५ चाच. ०.०३० पर्यंत मी फक्त नोंद करून ठेवतो. फरक ०.०५० झाला आणि पुन्हा चार्ज करूनही तसाच राहिला, तर तो सेल मेला समजा.

हा फरक व्होल्टमीटरला का दिसत नाही ते बघण्यासारखं आहे. आमच्या सोसायटीतल्या एका बॅटरीत पाच सेल १.२४० आणि एक सेल १.१६५ होता. सूत्राने त्या सेलचं व्होल्टेज २.००५. बाकीच्यांपेक्षा फक्त ०.०७५ ने कमी. सगळी बॅटरी १२.४८ ऐवजी १२.४० दाखवत होती. मीटरवरच्या एवढ्याशा फरकाकडे कोण बघतो? पण लोड पडला की तोच एक सेल आधी कोसळायचा आणि उरलेले पाच भरलेले असून उपयोग नाही.

सगळेच सेल १.२८० दाखवत असतील तर कुणीतरी 'ताकद यावी' म्हणून अ‍ॅसिड ओतलं आहे. थोडे दिवस बॅटरी जोरात चालते, मग प्लेटी खाऊन टाकते.

पायरी ६ : वेळ लावून रिकामी करा

आता दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर. बाकी सगळं अंदाज, हे मोजमाप.

लोड म्हणून जुने पिवळे बल्ब वापरा, एक १०० चा आणि एक ६० चा. पंखा-टीव्हीचा लोड बदलत राहतो, बल्बचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. घरातली बाकी सगळी उपकरणं इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा, फ्रिजचा प्लगही बघा. बॅटरीतून जाणारा करंट मोजायला डीसीचा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा अडकवायचा) हवा. वायरमनकडे जो साधा क्लॅम्प असतो तो बहुधा फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या वायरवर तो शून्य दाखवतो. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून हा करंट नेऊ नका, फ्यूज उडेल, स्वस्तातल्या मीटरमध्ये फ्यूजच नसेल तर मीटर उडेल. डीसी क्लॅम्प नसेल तर अंदाज चालतो : १६० वॅटला इन्व्हर्टरची तूट धरून ०.८ ने भागा, २०० वॅट, त्याला १२ ने भागा, साधारण १७ अँपिअर.

मेन बंद करा, घड्याळ लावा, दर अर्ध्या तासाला बॅटरीच्या खांबांवरचं व्होल्टेज आणि करंट वहीत लिहा. भरलेल्या बॅटरीत पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज जरा जास्तच खाली जाऊन पुन्हा किंचित वर येतं. घाबरू नका, तो शिशाच्या बॅटरीचा स्वभाव आहे. मावशीच्या वहीतले आकडे असे : पाच मिनिटांनी १२.२, एक तासाने १२.०, दोन तासांनी ११.८५, तीन तासांनी ११.७, चार तासांनी ११.४, पाच तासांनी १०.९५, आणि ५ तास १० मिनिटांनी १०.५. सुरुवातीला उतार हळूवार असतो आणि शेवटी कडा येतो, म्हणून शेवटचा तास दर दहा मिनिटांनी मोजा. १०.५ ला थांबा. त्याच्या आत इन्व्हर्टर स्वतःच बंद पडला तर तीच वेळ धरा. 'अजून बल्ब लागतोय की' म्हणून आणखी खाली नेऊ नका.

हिशेब : सरासरी १७ अँपिअर, सव्वापाच तासांना थोडं कमी, म्हणजे सुमारे ८८ अँपिअर-तास. भागायचं मात्र १५० ने नाही. १७ अँपिअरच्या वेगाने नवी १५० एएच बॅटरीसुद्धा साधारण १२५ च देईल. ८८ भागिले १२५ म्हणजे ७० टक्के. १५० ने भागलं असतं तर ५९ आले असते आणि मावशीने त्याच दिवशी नवी बॅटरी आणली असती.

संपल्या संपल्या, दोन-चार तास सुद्धा न थांबता, चार्जिंगला लावा. उतरलेली बॅटरी रात्रभर पडू देणं हेच खडे बसण्याचं आमंत्रण. ही चाचणी बॅटरीचा थोडा घाम काढते, वर्षातून एक-दोनदा पुरे. ढग दाटून आलेल्या जूनच्या संध्याकाळी तर नकोच.

दुकानात जी चिमट्याची तार लावून पाच-दहा सेकंद तपासतात, ती चाचणी मेलेला सेल पकडते, पण किती तास चालेल ते सांगत नाही. टर्मिनलवर वायर घासून ठिणगी दाखवणाऱ्याला मात्र हात जोडून परत पाठवा.

किती उरली म्हणजे बदलायची?

टेलिफोन एक्स्चेंज, वीज उपकेंद्रं अशा मोठ्या बॅटऱ्यांच्या जगात ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलतात. तिथे ते योग्य आहे, कारण ८० नंतर घसरण वेगाने होते आणि त्यांना एक मिनिटही वीज जाऊन चालत नाही. घरात मी वेगळा प्रश्न विचारतो : तुमच्याकडे लाइट जाते किती वेळ? मावशीचा लोड दोनशे वॅटच्या आसपास, दोन जुने पंखे, चार एलईडी, राउटर. ८८ अँपिअर-तासांत तिचे जवळपास चार तास निघतात. बार्शीत तिच्या गल्लीत लाइट जाते ती तास-दीड तास. मग बदलायची कशाला? आम्ही त्याऐवजी एक जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून तीस वॅटच्या आसपास घेणारा बीएलडीसी लावला. बॅटरी नवी न होता बॅकअप वाढला. उन्हाळ्यात पाच-पाच तास भारनियमन असणाऱ्या गावात मी हाच सल्ला दिला नसता.

पन्नास टक्क्यांच्या खाली असेल, किंवा एक सेल मेला असेल, तर मन घट्ट करा. 'बॅटरीत जीव आणणारी' पावडर आणि गोळ्या विकत घेऊ नका.

दुसऱ्या प्रकारच्या बॅटऱ्या असतील तर

दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर असेल तर चाचणी एकच, पण व्होल्टेज दोन्हींचं वेगवेगळं लिहा. कमजोर असेल ती आधी खाली येते. अशा वेळी फक्त एक नवी आणून जुन्या सोबत जोडायचा मोह होतो. जुनी लवकर भरते आणि उकळत राहते, नवी उपाशी राहते, वर्षभरात दोन्ही जुन्या होतात.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली ७ एएचची बॅटरी सीलबंद असते, ग्रॅव्हिटीचा प्रश्नच नाही. विसाव्यानंतर तिचं व्होल्टेज १२.८ च्या वर असावं. स्कूटरच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब थेट जोडून वेळ लावा, नवी असेल तर सहा-सात तास जळतो. तीन तासांत १०.५ आले तर अर्धी गेली.

गाडीच्या बॅटरीचा हिशेबच निराळा. तिने तासन् तास चालायचं नसतं, दोन सेकंदांत इंजिन ओढायचं असतं. म्हणून तिथे सेल्फ मारताना व्होल्टेज बघतात, ९.६ च्या खाली जाऊ नये. गॅरेजमध्ये लोड टेस्टर असेल तर लेबलवरच्या 'सीसीए' (थंडीत इंजिन ओढायला किती करंट मिळेल त्या) आकड्याच्या निम्मा करंट १५ सेकंद काढतात आणि तोच ९.६ चा निकष लावतात. हातात धरायचे छोटे टेस्टर या कामाला ठीक आहेत. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरला लावून त्यांनी दाखवलेल्या टक्क्यांवर मी तरी पैसे खर्च करणार नाही.

बदलायचीच झाली तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवणाऱ्यांच्या हाती जातं. दुकानदार परतीचे पैसे कापून देतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

मावशीच्या बॅटरीच्या पेटीवर मी जाड मार्करने लिहून आलोय : तारीख, सहा ग्रॅव्हिटी, १७ अँपिअर, ५ तास १० मिनिटं. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बल्ब तेच लावायचे आहेत.